सल्ला देणारे आणि सल्ला मागणारा : फ्रान्झ येगरश्टेटर प्रकरण

दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरात एक शेतकरी आपल्या बिशपांना भेटायला गेला. बायको सोबत आली होती, पण ती बाहेरच्या खोलीत थांबली. विचारायचे प्रश्न त्याने घरूनच कागदावर लिहून काढले होते. देशाचा कायदा सांगत होता की सैन्यात भरती हो आणि हिटलरच्या बिनशर्त आज्ञापालनाची शपथ घे. त्याचं अंतर्मन सांगत होतं की हे युद्ध अन्यायाचं आहे आणि त्यात हातभार लावणं पाप आहे. नकार दिला तर मुंडकं उडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरी तीन लहान मुली होत्या. अशा वेळी ख्रिस्ती माणसाने काय करावं, एवढंच त्याला आपल्या धर्मगुरूंकडून ऐकायचं होतं.

या माणसाचं नाव फ्रान्झ येगरश्टेटर. आज ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, त्याला रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारा) मानते आणि त्याच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. त्या लिखाणाचा रोख बहुतेक वेळा त्याच्या धैर्यावर असतो. मला इथे त्याला सल्ला देणाऱ्यांकडे पाहायचं आहे. धर्मश्रद्धा आणि देशाचा कायदा यांच्यात अडकलेला माणूस दारात येतो तेव्हा मार्गदर्शन करणारे काय बोलतात, का बोलतात आणि कुठे कमी पडतात, हे या एका प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

माणूस

फ्रान्झचा जन्म 20 मे 1907 रोजी सांक्ट राडेगुंड या गावी झाला. गाव अप्पर ऑस्ट्रियात, झाल्झाख नदीच्या काठी, पलीकडे जर्मनीचा बव्हेरिया प्रांत. हिटलरचं जन्मगाव ब्राउनाऊ याच जिल्ह्यात आहे. आईवडील शेतमजूर होते आणि लग्न करण्याइतकी ऐपत नसल्याने अविवाहित होते. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. पुढे आईने ज्या शेतकऱ्याशी लग्न केलं त्याने मुलाला दत्तक घेतलं आणि येगरश्टेटर हे आडनाव दिलं.

तरुणपणी तो कुणी साधुपुरुष नव्हता. काही वर्षं त्याने आयझेनएर्झच्या लोखंडाच्या खाणीत काम केलं. गावात पहिली मोटरसायकल आणणारा तोच. 1933 साली त्याला लग्नाबाहेर एक मुलगी झाली. तिची जबाबदारी त्याने टाळली नाही. 1936 च्या एप्रिलमध्ये फ्रान्झिस्का श्वानिंगर हिच्याशी त्याचं लग्न झालं आणि दोघं रोमच्या यात्रेला गेले. फ्रान्झिस्का मुळातच भक्तिपरायण. नवराबायको एकत्र बायबल वाचू लागले, तो चर्चमधल्या रोजच्या मिस्साला (उपासनेला) जाऊ लागला. गावकरी पुढे म्हणत की बायकोने त्याला फार धार्मिक करून ठेवलं. तो स्वतः मात्र या वर्षांना आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ म्हणत असे. रोझालिया, मारिया आणि अलॉयसिया या तीन मुली 1937 ते 1940 या काळात जन्मल्या.

आधी मिळालेलं मार्गदर्शन

फ्रान्झ बिशपांकडे गेला तेव्हा त्याची पाटी कोरी नव्हती. ख्रिस्तसभेनेच त्याला एक उत्तर आधी दिलं होतं. जानेवारी 1933 मध्ये लिंत्सचे तेव्हाचे बिशप योहानेस ग्फोलनर यांनी धर्मपत्र काढून स्पष्ट लिहिलं होतं की चांगला कॅथलिक आणि खरा नाझी या दोन गोष्टी एकाच वेळी होणं अशक्य आहे. ते पत्र फ्रान्झच्या मनात खोल रुजलं.

मग मार्च 1938 आला. हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि 10 एप्रिलला त्यावर सार्वमत घेण्याचं ठरलं. ऑस्ट्रियाच्या बिशपांनी संयुक्त निवेदन काढून श्रद्धावंतांना ‘होय’ म्हणायला सांगितलं. व्हिएन्नाचे कार्डिनल इन्नित्सर यांनी सोबतच्या पत्रावर स्वहस्ते ‘हाइल हिटलर’ लिहिलं. पाच वर्षांपूर्वी ज्याला अशक्य म्हटलं होतं ते आता चर्चमध्ये वाचून दाखवलं जात होतं. मतदानाला जाऊ नकोस असं कुणीच त्याला सांगत नव्हतं. फ्रान्झिस्कानेही तो घरी राहिला तर काय होईल या भीतीने त्याला जायची गळ घातली. तो गेला आणि ‘नाही’ असं मत देऊन आला. गावातलं ते एकमेव विरोधी मत. गावाचा निकाल मात्र शंभर टक्के ‘होय’ असा कळवला गेला. पुढे त्याने लिहिलं की त्या दिवशी ऑस्ट्रियात जे झालं ते पवित्र गुरुवारी यरुशलेममध्ये झालं होतं तसंच होतं: जमावाने येशूऐवजी गुन्हेगार बरब्बाला निवडलं.

बिशप 1933 साली एक बोलले आणि 1938 साली दुसरं. साध्या श्रद्धावंताने यातलं कुठलं धरायचं? बहुतेकांनी नंतरचं धरलं, कारण ते सोयीचं होतं. फ्रान्झने पहिलं धरलं. पुढे त्याला हट्टी, विक्षिप्त, चर्चपेक्षा स्वतःला शहाणा समजणारा म्हटलं गेलं. प्रत्यक्षात तो आपल्याच बिशपांचं एक जुनं वाक्य मनोभावे पाळत होता. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण असा माणूस आपल्याकडे येतो तेव्हा तो शिकवणुकीच्या विरोधात गेला आहे असं आपण पटकन धरून चालतो. कधी कधी शिकवणूक त्याच्याच बाजूला उभी असते आणि हललेले आपण असतो.

त्यानंतर त्याने नाझी राजवटीकडून मिळणारा मुलांचा भत्ता नाकारला. गारपिटीत पिकाचं नुकसान झालं तेव्हाची मदतही घेतली नाही. पक्षासाठीच्या वर्गणीत एक पैसा टाकला नाही. तरी तो लगेच सैन्याला नाही म्हणाला, असंही नव्हतं. 1940 मध्ये बोलावणं आलं तेव्हा तो गेला, शपथही घेतली. ऑक्टोबर 1940 पासून पुढचं सुमारे अर्धं वर्ष त्याने एन्सच्या छावणीत प्रशिक्षण घेतलं. गावच्या महापौरांनी शेतीच्या कामाचं कारण देऊन त्याला सोडवून आणलं. लिंत्सजवळच्या हार्टहाइम किल्ल्यात तेव्हा मनोरुग्णांना आणि अपंगांना गॅस देऊन मारलं जात होतं. अशा हत्यांच्या बातम्या त्याच्या कानावर आल्या होत्या. एप्रिल 1941 मध्ये घरी परतला तो निश्चय करूनच: पुन्हा बोलावलं तर जायचं नाही.

याच छावणीच्या काळात तो संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघात, म्हणजे संसारी भाविकांसाठीच्या संघात, दाखल झाला होता. गावी परतल्यावर चर्चमधलं सेवेकऱ्याचं काम त्याने अंगावर घेतलं. म्हणजे तो धर्मग्रामाच्या (गावच्या चर्चच्या मंडळींच्या) अगदी आतला माणूस होता.

त्याचा नेमका प्रश्न

त्याचे लिहिलेले प्रश्न आज उपलब्ध आहेत. ते वाचताना जाणवतं की यातल्या एकाही प्रश्नात ‘मी कसा वाचू?’ हे नाही. त्याला विचारायचं होतं की या पक्षाला साहाय्य करणं पाप नाही याची हमी कोण देतो? इतर देशांवर चाल करून जाणारं युद्ध न्याय्य कसं ठरतं? ख्रिस्ताचा सैनिक आणि नाझी राजवटीचा सैनिक एकाच वेळी कसं होता येतं?

शस्त्र कधीच धरू नये, असं त्याचं म्हणणं नव्हतं. न्याय्य युद्ध आणि अन्याय्य युद्ध हा भेद ख्रिस्तसभेनेच संत ऑगस्टीनपासून शिकवला होता. फ्रान्झ तो भेद समोरच्या युद्धाला लावून पाहत होता आणि विचारत होता की माझा हिशेब कुठे चुकतोय ते दाखवा. पुढे तुरुंगात असताना त्याने जखमींच्या शुश्रूषेचं काम करायची तयारीही दाखवली. कायदा पाळायला तो किती पुढे यायला तयार होता ते यावरून दिसतं. सैन्याने ते मान्य केलं नाही.

कोण काय म्हणालं

गावचे मूळचे धर्मगुरू फादर योझेफ कारोबाथ यांना प्रवचनातल्या बोलण्यावरून 1940 साली अटक झाली आणि नंतर त्यांना गावात राहू दिलं गेलं नाही. त्यांच्या जागी तरुण फादर फर्डिनांड फ्यूर्टहाउअर आले. दोघांनीही फ्रान्झला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. कारोबाथ यांनी पुढे सांगितलं की मी त्याचं मन वळवायला गेलो, पण पवित्र शास्त्रातली वचनं पुढे ठेवून त्याने मला पुन्हा पुन्हा हरवलं. ज्या धर्मगुरूने स्वतः तुरुंगाची हवा खाल्ली त्यांनाही या शेतकऱ्याला ‘नकार दे’ म्हणवलं नाही. फ्यूर्टहाउअर यांना फक्त त्याचा जीव वाचवायचा होता.

मग बिशपांची भेट. ग्फोलनर 1941 साली वारले होते. आता बिशप योझेफ फ्लिसर होते. या भेटीत काय झालं हे आपल्याला दोन बाजूंनी कळतं. फ्लिसर यांनी 1946 साली लिहिलं की राज्यकर्त्यांच्या कृत्यांसाठी सामान्य नागरिक किती जबाबदार असतो याची नीतिशास्त्रातली तत्त्वं मी त्याला समजावली, आणि त्याच्या स्वतःच्या जीवनावस्थेची, विशेषतः कुटुंबाची, जबाबदारी त्याहून कितीतरी मोठी आहे याची आठवण करून दिली. पण उपयोग झाला नाही. दुसरी बाजू फ्रान्झिस्काची. नवरा आतून बाहेर आला तेव्हा खिन्न होता आणि म्हणाला की यांची बोलायची हिंमत नाही, नाहीतर उद्या यांचीच पाळी येईल. अनोळखी शेतकरी असे प्रश्न विचारतोय म्हटल्यावर हा गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पेरलेला माणूस तर नाही ना, असा संशय बिशपांना आला असावा, असंही तिला वाटलं.

फ्लिसर यांना भित्रा ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. धर्मप्रांतातले धर्मगुरू छळछावण्यांत होते. बिशपांच्या एका वाक्याने आणखी कितीजण उचलले गेले असते हे कुणी सांगावं? शिवाय त्यांनी सांगितलेली तत्त्वं खोटी नव्हती. वरिष्ठांच्या आज्ञेत केलेल्या कृतीची जबाबदारी वाटली जाते, हे नीतिशास्त्र मान्य करतंच. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल शासनाधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो, हेही खरं.

माझी तक्रार वेगळी आहे. फ्रान्झने विचारलं होतं, ‘हे युद्ध न्याय्य आहे का?’ त्याला उत्तर मिळालं, ‘ते ठरवणं तुझं काम नाही.’ मग ते कुणाचं काम होतं? बिशपांचं असेल तर त्यांनी उत्तर द्यायला हवं होतं. त्यांचंही नसेल, तर न्याय्य युद्धाची सगळी शिकवणूक पुस्तकात ठेवण्यापुरतीच उरते. बिशपांनी सांगितलेली तत्त्वं त्या खोलीत फ्रान्झला उमगली नाहीत असं नाही. त्याला ती पुरती उमगली होती, म्हणूनच त्याचं समाधान झालं नाही. पौलाचं वचन त्याला पाठ होतं. त्याचबरोबर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातलं पेत्राचं उत्तरही पाठ होतं: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ही दोन्ही वचनं एकाच नव्या करारात आहेत. मार्गदर्शन म्हणजे या दोघांच्या मधली जागा माणसाबरोबर बसून शोधणं. एक वचन पुढे करून दुसरं झाकणं हे मार्गदर्शन नव्हे.

कुटुंबाचा मुद्दा

सगळ्या सल्ल्यांमध्ये एक गोष्ट सामाईक होती: कुटुंब. आईने नातेवाईक गोळा करून त्याला समजवायला लावलं. धर्मगुरूंनी तेच सांगितलं, बिशपांनी तेच. नंतर लिंत्सच्या तुरुंगात फादर बाल्डिंगर यांनीही तेच सांगितलं. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पस्तिशीचा बाप, तिशीच्या उंबरठ्यावरची बायको, थोरली मुलगी साडेपाच वर्षांची, धाकटीला तीनही पुरी नाहीत.

फ्रान्झने यावर लिहून ठेवलं आहे. बायकोमुलं आहेत म्हणून देवाला दुखवण्याची परवानगी मिळते, हे त्याला पटत नव्हतं. आईबाप किंवा मुलंबाळं यांच्यावर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ख्रिस्ताचं वचन त्याने आठवलं. कुटुंबाबद्दल तो निष्ठुर होता म्हणून हे लिहिलं असं म्हणणाऱ्याने त्याची तुरुंगातली पत्रं वाचावीत. शेतात काय पेरलं, मुली काय करतात, कोण आजारी आहे, याची चौकशी त्यांत सारखी येते. फ्रान्झिस्काने त्याला मुलींचा एक फोटो पाठवला होता. तिघी ओळीने उभ्या, पुढे एक फलक, त्यावर लिहिलेलं: ‘प्रिय बाबा, लवकर या.’ मृत्यूच्या छायेतल्या कोठडीत हा फोटो हातात घेऊन पाहणाऱ्या माणसाला कुणी कुटुंबाची जबाबदारी आठवून देण्याची गरज नव्हती.

आता या युक्तिवादाची दुसरी बाजू पाहा. हे सगळे सल्ले कुटुंबाच्या नावाने दिले गेले. पण नोंदल्या गेलेल्या या सल्ल्यांत एक वाक्य कुठेच येत नाही: ‘तू तुझ्या सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून जे ठरवशील ते ठरव, तुझ्या बायकोमुलींना आम्ही उघड्यावर पडू देणार नाही.’ हे वाक्य बोलायला राजवटीवर जाहीर टीका करावी लागत नव्हती. बंद खोलीत, हळू आवाजात ते बोलता आलं असतं. ते बोललं गेलं नाही, म्हणून कुटुंब हे त्याला रोखण्याचं साधन तेवढं राहिलं. आणि पुढे काय झालं? फ्रान्झ गेल्यावर गावात फ्रान्झिस्कालाच दोष दिला गेला की हिच्याच धार्मिकपणामुळे नवरा मेला. युद्ध संपून हिटलरची राजवट नष्ट झाल्यावरही तिला युद्धविधवेचं निवृत्तिवेतन नाकारलं गेलं, कारण तिचा नवरा लढताना मेला नव्हता; ते 1950 साली सुरू झालं. तोवर शेत, म्हातारी सासू आणि तीन मुली तिनेच सांभाळल्या.

मार्गदर्शनाच्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली मोठी चूक मला इथे दिसते. बिशपांनी युद्धाला अन्याय्य म्हटलं नाही हे समजून घेता येतं. ज्या गोष्टीची त्यांना इतकी काळजी होती तिच्यासाठी स्वतः काही अंगावर घेतलं नाही, हे समजून घेता येत नाही.

फ्रान्झिस्का

या प्रकरणात खरं आध्यात्मिक मार्गदर्शन कुणी केलं असेल तर ते या बाईने. तिनेही सुरुवातीला विरोधच केला, विनवण्या केल्या. पण सगळं गणगोत एका बाजूला आणि नवरा एकटा दुसऱ्या बाजूला, असं चित्र दिसल्यावर ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पुढे तिने सांगितलं की मीही त्याच्या बाजूने उभी राहिले नसते तर त्याला कुणीच उरलं नसतं.

तिला त्याचा निर्णय आधी पटला आणि मग ती उभी राहिली असं नव्हे. त्याने रात्र रात्र प्रार्थना केली आहे, शास्त्र वाचलं आहे, विचारायचं त्या सगळ्यांना विचारलं आहे आणि अजूनही त्याचा कौल तोच आहे, हे तिने जवळून पाहिलं होतं. निर्णय त्याचा होता, परिणाम तिला भोगायचे होते आणि तरीही तिने त्याच्यावर ओझं टाकलं नाही. ज्याला स्वतः काही गमवायचं नाही अशा माणसाच्या ‘तुझ्या मनाला पटेल ते कर’ या बोलण्याला फारशी किंमत नसते. तिने ते सर्वस्व पणाला लावून म्हटलं.

तुरुंग

फेब्रुवारी 1943 मध्ये बोलावणं आलं. 1 मार्चला तो एन्सच्या छावणीत हजर झाला आणि दुसऱ्या दिवशी नकार जाहीर केला. पळून गेला नाही, लपला नाही; तसं केलं तर घरच्यांवर सूड उगवला जाईल हे तो जाणून होता. दोन महिने लिंत्सच्या तुरुंगात, मेमध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगात. 6 जुलैला लष्करी सर्वोच्च न्यायालयाने ‘सैन्याचं मनोधैर्य खच्ची करणं’ या गुन्ह्याखाली मृत्युदंड दिला. जुलैतच फ्रान्झिस्का आणि फादर फ्यूर्टहाउअर बर्लिनला येऊन त्याला भेटले. भेट साधारण वीस मिनिटांची. शेवटची.

टेगेलचे तुरुंगधर्मगुरू फादर हाइनरिश क्रॉइत्सबेर्ग यांनी मात्र जे केलं ते इतर कुणी केलं नव्हतं. त्यांनी फ्रान्झला एक माहिती दिली. वर्षभरापूर्वी, ऑगस्ट 1942 मध्ये, फ्रान्झ राइनिश नावाच्या ऑस्ट्रियन धर्मगुरूने हिटलरची शपथ घ्यायला याच कारणासाठी नकार दिला होता आणि त्याला देहान्त शासन झालं होतं. हे ऐकताच फ्रान्झच्या चेहऱ्यावर केवढा दिलासा उमटला हे क्रॉइत्सबेर्ग यांनी नोंदवून ठेवलं आहे. धर्मगुरू असा निर्णय घेऊ शकतो तर मीही घेऊ शकतो, असं तो म्हणाला. इतके महिने त्याला एवढंच हवं होतं: मी भरकटलेलो नाही, या वाटेने ख्रिस्तसभेतलं आणखी कुणी गेलं आहे. या माहितीने त्याचा जीव वाचला नाही, पण त्याचं एकटेपण संपलं.

याच दिवसांत त्याने लिहिलं की मी बांधलेल्या हातांनी लिहितोय, पण इच्छाशक्ती बांधली जाण्यापेक्षा हे बरं. मला सर्वांत अस्वस्थ करते ती मात्र त्याची दुसरी नोंद. सैन्यात गेलेल्या शेजाऱ्यांना तो दोष देत नाही. मला जितकी कृपा मिळाली तितकी त्यांना मिळाली असती तर त्यांनी माझ्याहून कितीतरी चांगलं केलं असतं, असं तो म्हणतो. सदसद्विवेकबुद्धीच्या नावाने दुराग्रह करणारा माणूस असं लिहीत नाही. खऱ्या अंतःकरणाचा कौल आणि अहंकार यांतला फरक ओळखायचा असेल तर तो माणूस इतरांबद्दल कसा बोलतो हे पाहावं.

9 ऑगस्ट 1943 रोजी ब्रांडेनबुर्गमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. शेवटच्या तासांत सोबत असलेले फादर योखमान त्याच संध्याकाळी काही ऑस्ट्रियन धर्मभगिनींना म्हणाले की तुमचा हा देशबांधव संतासारखा जगला आणि वीरासारखा मेला. याच धर्मभगिनींमुळे त्याच्या अस्थी युद्धानंतर गावी पोहोचल्या.

उत्तर उशिरा आलं, आणि मुंबईच्या वाटेने

1946 साली धर्मप्रांताच्या पत्रात फ्रान्झवर लेख छापायचा विषय निघाला. बिशप फ्लिसर यांनी परवानगी नाकारली. हे प्रकरण थक्क व्हावं असं असलं तरी अनुकरणासाठी नाही, आणि कर्तव्य बजावत रणांगणावर पडलेले कॅथलिक तरुण हेच अधिक मोठे वीर, असं त्यांचं मत होतं. माझ्या मते 1943 पूर्वीच्या मौनापेक्षा हे वाईट. तेव्हा भीती होती. आता गेस्टापो नव्हता.

पुढे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॉर्डन झान यांना क्रॉइत्सबेर्ग यांच्या लिखाणात या शेतकऱ्याचा उल्लेख सापडला. त्यांनी सांक्ट राडेगुंडला जाऊन गावकऱ्यांशी बोलून 1964 साली त्याचं चरित्र प्रसिद्ध केलं. तिथून हे प्रकरण दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेपुढे, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेपुढे, नेलं ते आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी. हे येशूसंघी (जेझुइट) इंग्रज धर्मगुरू 1937 ते 1950 मुंबईचे आर्चबिशप होते. स्वतंत्र भारतात मुंबईच्या आर्चबिशपपदी भारतीय माणूसच असावा म्हणून त्यांनी पद सोडलं आणि व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्यासाठी वाट मोकळी केली. 1965 साली परिषदेला दिलेल्या लेखी निवेदनात त्यांनी येगरश्टेटरचं उदाहरण मांडून विचारलं की सदसद्विवेकबुद्धीने युद्धाला नकार देणाऱ्याच्या पाठीशी ख्रिस्तसभा उभी राहणार की नाही. 7 डिसेंबर 1965 रोजी मंजूर झालेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, अशा नकार देणाऱ्यांसाठी कायद्यांत माणुसकीची तरतूद असावी, असं लिहिलं गेलं. त्याच दस्तऐवजात सदसद्विवेकबुद्धी हा माणसाचा सर्वांत आतला गाभारा आहे, तिथे तो देवासोबत एकटा असतो, असंही म्हटलं आहे. 1997 साली बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्झची शिक्षा रद्द ठरवली. ऑक्टोबर 2007 मध्ये लिंत्सच्या कॅथेड्रलमध्ये त्याला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का तिथे हजर होती.

आपल्या दारात येणारे प्रश्न

इतका टोकाचा पेच आपल्यापैकी फार थोड्यांवर येईल. भारतीय राज्यघटनेच्या 25 व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य लिहिलेलं आहे आणि ते मोठं संरक्षण आहे. तरी वसई, मुंबई, पुणे, गोव्यातल्या धर्मग्रामांत लोक लहानमोठे पेच घेऊन येतातच. अशा वेळी सगळ्यात आधी एक गोष्ट तपासावी: कायदा चुकीच्या गोष्टीची फक्त मुभा देतोय की सक्ती करतोय? दिवाणी न्यायालयात घटस्फोट मिळतो, म्हणून कुणावर तो घेण्याची सक्ती नाही. उलट, चर्चच्या न्यायमंडळाने विवाह रद्दबातल ठरवला तरी त्याचा निर्णय दिवाणी न्यायालयांवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली स्पष्ट केलं आहे. तिथे दोन्हीकडची प्रक्रिया पुरी करावी लागते आणि हा बहुतांशी कागदपत्रांचा आणि धीराचा प्रश्न असतो. त्याला रक्तसाक्ष्याचा प्रश्न बनवू नये. रुग्णालयातल्या परिचारिकेला नको त्या शस्त्रक्रियेत हात लावायला सांगितला जातो किंवा कारकुनाला खोट्या नोंदीवर सही मागितली जाते, तेव्हा मात्र सक्ती सुरू होते आणि फ्रान्झचा प्रश्न जवळ येतो.

तिथे मार्गदर्शकाने विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यावं, सोयीच्या दुसऱ्या प्रश्नाचं नाही. उत्तर देणं धोक्याचं असेल तर तसं सांगावं; माणसाला कळतं. नकार आणि शरणागती यांच्यामध्ये एखादी प्रामाणिक वाट आहे का, बदली मागता येईल का, वेगळं काम मागता येईल का, हे बरोबर बसून शोधावं. फ्रान्झनेही शुश्रूषेचं काम मागून पाहिलं होतं. पूर्वी या वाटेने कोण गेलं, त्यांचं काय झालं, हे लपवू नये. घरच्या माणसाला या बोलण्यात सामील करून घ्यावं, कारण किंमत त्यालाही मोजायची असते. आणि कुटुंबाचं नाव काढायचं असेल तर आधी ठरवावं की नोकरी गेली तर घरभाडं कोण भरणार, मुलांची फी कुठून येणार, वकील कोण देणार. सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीसारख्या गरजूंना मदत करणाऱ्या मंडळांकडे आणि धर्मग्राम परिषदेकडे या कामासाठी जाता येतं. हा हिशेब मांडून झाला की मग त्या माणसाने घरी जावं, प्रार्थना करावी आणि त्याचा निर्णय त्याने घ्यावा.